तासाभरात आवाज दीड सेकंद मागे का पडतो? घरगुती व्हीएचएस कॅसेट डीव्हीडीवर घेताना बिघडणारा मेळ

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९९४ सालच्या एका लग्नाची व्हीएचएस कॅसेट व्हीसीआरवर लावून, यूएसबीला जोडायच्या कॅप्चर उपकरणाने लॅपटॉपमध्ये घेतली आणि तिची डीव्हीडी तयार केली. चित्र पिवळ्या केबलने उपकरणात जाते, आवाज मात्र लॅपटॉपच्या माइकच्या खाचेत दिलेला आहे. सुरुवातीला चित्र आणि आवाज नीट जुळतात, अर्ध्या तासानंतर काहीतरी खटकू लागते आणि तास उलटला की बोलणाऱ्याचे ओठ हलल्यानंतर सुमारे दीड सेकंदाने शब्द ऐकू येतात. संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये आवाज दीड सेकंद अलीकडे ओढला, तर शेवट जुळतो आणि सुरुवात बिघडते. यावर उपाय काय, आणि कॅसेट पुन्हा चालवावी लागेल का?

कॅसेट अजून चालण्याच्या स्थितीत असेल तर ती पुन्हा चालवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्याआधी हातात असलेल्या फाइलीतून दोष नेमका कोठे शिरला हे काढून घ्यावे, नाहीतर दुसऱ्या वेळीही तोच दोष तसाच येईल. आवाज सरकवण्याचा जो प्रयत्न झाला तो या दोषाला लागूच पडत नाही. सरकवल्याने केवळ सर्वत्र सारखा असलेला फरक जातो. येथे फरक वेळेबरोबर वाढतो आहे, म्हणजे चित्राची लांबी आणि आवाजाची लांबी या दोनच मुळात सारख्या नाहीत.

मेळ बिघडण्याचे आकार ढोबळमानाने तीन असतात. पहिल्या आकारात आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत ठरावीक अंतराने मागे किंवा पुढे राहतो. दुसऱ्यात हा फरक शून्यापासून हळूहळू वाढत जातो. तिसऱ्यात तो काही वेळ स्थिर राहतो आणि मग एखाद्या ठिकाणी एकदम उडी घेतो, जणू जिन्याची एकेक पायरी चढावी तसा. तिन्हींची कारणे वेगळी आणि उपायही वेगळे. ‘शेवटी दीड सेकंद’ एवढ्या माहितीवरून दुसरा आकार की तिसरा हे सांगता येत नाही, आणि इथेच बहुतेक जण घाई करतात. पायऱ्या लहान आणि भरपूर असतील तर दुरून त्या उतारासारख्याच दिसतात.

म्हणून प्रथम मोजावे. कॅप्चर केलेली मूळ फाइल, डीव्हीडी नव्हे, अशा प्रोग्रॅममध्ये उघडावी ज्यात चित्र एकेक फ्रेमने पुढे नेता येते आणि खाली आवाजाची लहर दिसते. मग अशी ठिकाणे शोधावीत जेथे एखादी कृती आणि तिचा आवाज एकाच क्षणी घडतात. लग्नाच्या कॅसेटमध्ये अशा जागांची वाण नसते: जवळून टिपलेल्या टाळ्या, नारळ फुटतो तो क्षण, ताट खाली ठेवल्याचा आवाज, आणि सर्वांत उत्तम म्हणजे उखाणा, कारण तेव्हा कॅमेरा हमखास चेहऱ्यावर नेलेला असतो, त्यातील प, ब, म या अक्षरांना ओठ पूर्ण मिटतात, ते उघडण्याची फ्रेम नेमकी पकडता येते. मांडवाबाहेरचा बँड किंवा लांबचे फटाके यासाठी घेऊ नयेत. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. तीस-पस्तीस मीटरवरचा आवाज कॅमेऱ्याच्या माइकपर्यंत येईपर्यंत मुळातच सेकंदाचा दहावा भाग उशीर झालेला असतो. हॉलच्या मागच्या टोकाहून झूम करून घेतलेल्या दृश्यांनाही हीच अडचण लागू आहे.

दर दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने असे एकेक माप घ्यावे आणि कागदावर वेळ व फरक लिहीत जावे. आपल्याकडची टीव्ही-चित्राची पाल (PAL) पद्धत सेकंदाला २५ फ्रेम्सची, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, त्यामुळे फरक फ्रेम्समध्ये मोजला तरी चालतो. दोन मापांच्या मध्ये फरक अचानक वाढलेला दिसला, तर त्या पट्ट्यात आणखी मापे घेऊन उडीची जागा शोधून काढावी.

मापे घेण्याआधी दोन शंका फेडून घ्याव्यात. पहिली म्हणजे दोष फाइलीत आहे की पाहण्याच्या साधनात. आजचे एलसीडी टीव्ही चित्रावर प्रक्रिया करताना ते थोडे उशिरा दाखवतात, आणि ब्लूटूथ स्पीकर लावला असेल तर आवाज सहज शंभर-दोनशे मिलिसेकंद मागे पडतो. हे फरक स्थिर असतात, वाढत नाहीत. व्हीएलसी प्लेयरमध्ये ‘जे’ आणि ‘के’ या कळांनी आवाज पन्नास-पन्नास मिलिसेकंदांनी सरकतो, त्यावरून साधनाचा स्थिर फरक लगेच ओळखता येतो. दुसरी शंका खुद्द कॅसेटबद्दलची. त्या काळात लग्नाच्या कॅसेट मिक्सिंग स्टुडिओतून जात, नावे आणि चित्रांचे चमत्कार चढवले जात आणि सप्तपदी किंवा वरातीवर चित्रपटगीते टाकली जात. असे गाणे चढवलेल्या भागात मूळ आवाज उरलेलाच नसतो, त्यामुळे तेथे मेळ तपासण्यात अर्थ नाही. संशय असेल तर व्हीसीआर थेट टीव्हीला जोडून तीच जागा पाहावी. तेथेही ओठ आणि शब्द जुळत नसतील तर दोष १९९४ सालचाच आहे.

व्हीसीआर जुना झाला, त्याची हेड्स झिजली, म्हणून आवाज मागे पडत असेल, हा तर्क नेहमी ऐकू येतो. त्याचे उत्तर यंत्राच्या रचनेतच आहे. व्हीएचएसमध्ये चित्र फिरत्या ड्रमवरील हेड्स वाचतात आणि साधा आवाज टेपच्या कडेने जातो, तो ड्रमपासून सुमारे ७९ मिलिमीटर पुढे असलेले स्थिर हेड वाचते. पाल व्हीएचएसमध्ये टेपचा वेग सेकंदाला २३.३९ मिलिमीटर असतो. स्थिर हेड एक मिलिमीटर सरकले, तर आवाजात पडणारा फरक सुमारे ४३ मिलिसेकंद, म्हणजे जेमतेम एका फ्रेमचा. दीड सेकंदासाठी ते ३५ मिलिमीटर सरकायला हवे, जे अशक्य आहे. शिवाय ट्रॅकिंगचे, म्हणजे ड्रमवरील हेड्स चित्राच्या पट्ट्यांवर नेमकी ठेवणारे, कंट्रोल स्पंद त्याच जागेवरून वाचले जात असल्याने चित्र त्याच्या फार आधी कोलमडेल. आणि असा फरक वाढत तर मुळीच जाणार नाही. हाय-फाय आवाज तर ड्रमवरच वाचला जातो. तेव्हा या प्रकरणात व्हीसीआरकडून होत असेल तर एवढेच, की त्याच्यातून येणारा चित्रसंकेत पुरेसा स्थिर नाही. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा आहे.

आता आकड्यांकडे पाहू. एका तासात दीड सेकंद म्हणजे ३६०० सेकंदांत १.५, अर्थात ०.०४२ टक्के, दशलक्षात सुमारे ४१७ भाग. आवाजाचे नमुने ज्या स्फटिकाच्या ठोक्यावर घेतले जातात त्याची चूक साधारण दशलक्षात पन्नास भागांच्या आसपास, फार तर शंभरापर्यंत जाते. पन्नास भागांची चूक तासाला ०.१८ सेकंद एवढीच होते. दोन घड्याळे, म्हणजे चित्राचा आणि आवाजाचा असे दोन स्फटिक, विरुद्ध दिशांना चुकत आहेत असे धरले तरी दीड सेकंद भरून निघत नाही. याउलट एक फ्रेम गळाली, म्हणजे कॅप्चर होताना नोंदवायची राहून गेली, की ४० मिलिसेकंद जातात, म्हणजे तासाभरात गळालेल्या सदतीस-अडतीस फ्रेम्स हा सगळा फरक एकट्याने घडवू शकतात. दिशाही तीच सांगते. फ्रेम गळाली की फाइलीतील चित्र आखूड होते आणि पुढे धावते, आवाज मात्र पूर्ण लांबीचा राहतो, म्हणून तो मागे पडल्यासारखा वाटतो. आवाज पुढे धावत असता तर मी जादा घातलेल्या फ्रेम्सचा किंवा आवाजात पडलेल्या खंडांचा शोध घ्यायला सांगितले असते.

याची खातरजमा करणे सोपे आहे. मीडियाइन्फोसारख्या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडून चित्राचा कालावधी आणि आवाजाचा कालावधी वेगवेगळा पाहावा. आवाज दीड तासाचा आणि चित्र त्याहून दोन-सव्वादोन सेकंदांनी कमी भरत असेल, तर फ्रेम्स गळाल्या हे सिद्धच झाले. त्याच वेळी फ्रेमदर स्थिर लिहिला आहे की बदलता, हेही पाहून घ्यावे. बदलता फ्रेमदर असलेली फाइल डीव्हीडीच्या प्रोग्रॅमला दिली की तो तिचे ठोकळेबाज २५ करतो आणि मेळ तेथे पुन्हा बिघडतो.

तरीही घड्याळांचा मुद्दा सोडून देता येत नाही, कारण फ्रेम्सची गळती थांबवल्यावर जो लहान उतार उरतो तो तेथूनच येतो. कॅप्चर उपकरण चित्राला स्वतःचा वेग लावत नाही. व्हीसीआर जशा फ्रेम्स पाठवतो तशा ते घेते. फाइलीच्या माथ्यावर मात्र नेमके २५ लिहिलेले असते. व्हीसीआरची मोटर स्वतःच्या स्फटिकाला धरून चालते, आवाज मोजणारे घड्याळ वेगळ्याच स्फटिकावर असते, आणि आवाज लॅपटॉपच्या खाचेत दिला की ते घड्याळ कॅप्चर उपकरणाच्याही बाहेरचे होते. त्यातच माइकची खाच मिलिव्होल्टच्या संकेतासाठी असते, तिच्यात व्हीसीआरचा लाइन आउटचा आवाज दिला की तो फाटतो, बहुतेक लॅपटॉपवर तो मोनो होतो आणि आवाज ‘सुधारणारे’ सॉफ्टवेअर त्यावर आपला हात फिरवते. लाल आणि पांढरी केबल कॅप्चर उपकरणातच लावावी आणि प्रोग्रॅममध्ये आवाजाचा स्रोत म्हणून तेच उपकरण निवडावे. एवढ्या एका बदलाने पुष्कळ तक्रारी मिटतात.

पुन्हा कॅप्चर करण्यासाठी मी अजूनही व्हर्च्युअलडब सुचवतो. प्रोग्रॅम जुना आहे, दिसायला रुक्ष आहे, पण गळालेल्या आणि जादा घातलेल्या फ्रेम्सचे आकडे तो चालू कामातच डोळ्यांसमोर ठेवतो, आणि या कामात तेच हवे असते. त्याच्या टायमिंगच्या पर्यायांत आवाजाचे नमुने चित्राच्या वेगाशी जुळवून घेण्याची सोय आहे. ती निवडली की वर सांगितलेला घड्याळांतला फरक चालता चालताच भरून निघतो. आवाज ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, कोणतेही संकोचन न केलेला असाच घ्यावा. एव्हीआय फाइलीत बदलत्या बिटरेटचा एमपी-थ्री आवाज हा मेळ बिघडवण्याचा खात्रीचा मार्ग आहे, तो टाळावा.

चित्र हफवाययूव्ही किंवा लॅगॅरिथसारख्या, काहीही न गमावणाऱ्या कोडेकने, म्हणजे चित्र दाबून साठवण्याच्या पद्धतीने, घ्यावे. ७२० गुणिले ५७६ आकाराचे मुळीच न दाबलेले चित्र सेकंदाला सुमारे २०.७ मेगाबाइट, म्हणजे तासाला जवळजवळ ७५ गिगाबाइट जागा घेते. या कोडेकने ते साधारण निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते. डिस्क एनटीएफएस पद्धतीची असावी, कारण फॅट-३२ डिस्कवर फाइल चार गिगाबाइटला थांबते आणि फाइलींच्या सांध्यांवर काही फ्रेम्स हरवण्याची शक्यता असते. कॅप्चर उपकरण आणि बाहेरची हार्ड डिस्क एकाच यूएसबी हबवर जोडू नये. उपकरण लॅपटॉपच्या खाचेत थेट लावावे आणि फाइल शक्यतो आतल्या डिस्कवर लिहावी. अँटिव्हायरसची तपासणी, आपोआप येणारे अपडेट, डिस्क झोपवणारी वीजबचत आणि वाय-फाय, सगळे काम होईपर्यंत बंद ठेवावे.

यानंतर पूर्ण कॅसेट न घेता दहा मिनिटांचाच तुकडा घ्यावा आणि गळालेल्या फ्रेम्सचा आकडा केव्हा वाढतो हे लक्ष देऊन पाहावे. संपूर्ण निदानात मला सर्वांत मोलाची वाटणारी पायरी हीच आहे. आकडा चित्र स्वच्छ असतानाही अधूनमधून वाढत असेल, तर दोष संगणकाकडे आहे: डिस्क पुरी पडत नाही, प्रोसेसर गुंतलेला आहे किंवा यूएसबीची वाट अडते आहे. पण आकडा जेथे चित्र फाटते, वर-खाली उडते, दोन शूटिंगच्या मध्ये निळा पडदा येतो किंवा मुंग्या दिसतात, अगदी तेथेच वाढत असेल, तर संगणक निर्दोष आहे आणि दोष संकेतात आहे. सुरकुतलेल्या, चुंबकीय थर झडलेल्या किंवा कॅमेरा थांबवून पुन्हा सुरू केलेल्या जागी ओळींचे आणि फ्रेम्सचे सिंक स्पंद तुटतात. उपकरणाला फ्रेम सुरू झाल्याचे कळत नाही आणि ते ती सोडून देते, आवाजाची नोंद मात्र अखंड चालूच असते. मागे सांगितलेल्या पायऱ्या अशाच तयार होतात, आणि जुन्या लग्नांच्या कॅसेटमध्ये मला हा प्रकार संगणकाच्या दोषापेक्षा अधिक आढळला आहे.

अशा वेळी अधिक वेगवान लॅपटॉप घेण्याने काहीही साधत नाही. संकेत सुधारावा लागतो. पहिला उपाय फुकटचा आहे: कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळून घ्यावी म्हणजे टेपचा ताण सारखा होतो, व्हीसीआरची हेड्स साफ करावीत आणि ट्रॅकिंग हाताने लावावे. कॅसेटच्या खिडकीतून गुंडाळीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत ठेवलेल्या कॅसेटना ती हमखास धरते. अशी कॅसेट साफ केल्याशिवाय यंत्रात घालू नये, कारण ती हेड्सही घाण करते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते.

एवढ्याने भागले नाही तर टाइम बेस करेक्टर लागतो. या नावाखाली दोन वेगळी कामे केली जातात आणि विकत घेताना त्यांची गल्लत होते. एक प्रकार चित्रातील ओळी सरळ करतो, उभ्या रेघांचे थरथरणे थांबवतो. जेव्हीसी आणि पॅनासोनिकच्या काही एस-व्हीएचएस यंत्रांत तो आतच बसवलेला असतो. दुसरा प्रकार पूर्ण फ्रेम साठवून स्वतःच्या स्थिर ठोक्यावर बाहेर पाठवतो. टेपवरचा संकेत क्षणभर नाहीसा झाला तरी तो आधीची फ्रेम पुन्हा देतो, त्यामुळे कॅप्चर उपकरणाला खंड जाणवतच नाही. चित्राच्या देखणेपणासाठी पहिला उपयोगी आहे, पण आवाजाच्या मेळासाठी दुसऱ्याचे काम निर्णायक आहे. खरा फ्रेम-करेक्टर आता महाग आणि दुर्मीळ झाला आहे. त्याऐवजी जुना डीव्हीडी रेकॉर्डर व्हीसीआर आणि कॅप्चर उपकरण यांच्या मध्ये जोडण्याची युक्ती जगभर वापरली जाते. पॅनासोनिकचे डीएमआर-ईएस१० आणि ईएस१५ हे त्यासाठी नावाजलेले आहेत. त्यात काहीही रेकॉर्ड करायचे नसते, संकेत केवळ त्याच्यातून पार होतो. मात्र असे करताना आवाजाची केबलही त्याच यंत्रातून न्यावी. चित्र त्यातून वळवले आणि आवाज व्हीसीआरमधून थेट घेतला, तर यंत्रात चित्राला लागणाऱ्या वेळेइतका आवाज पुढे पडतो आणि एका दोषाच्या जागी दुसरा, पहिल्या आकाराचा, येऊन बसतो.

कॅसेट पुन्हा चालवणे खरोखर अशक्य असेल, तर हातातल्या फाइलीवरच काम करावे लागेल. मापे एका सरळ उतारावर पडत असतील तर आवाजाची लांबी चित्राला जुळवावी. ऑडॅसिटीमध्ये वेग बदलण्याचा पर्याय घेऊन आवाज ०.०४२ टक्के जलद केला की तासाचे दीड सेकंद भरून निघतात. स्वर न बदलता लय बदलणारा पर्यायही तेथे आहे, पण तो मुद्दाम टाळावा. तो आवाजाचे बारीक तुकडे करून जोडतो आणि सनई किंवा तंबोऱ्यासारख्या सलग सुरांत ते ऐकू येते. साध्या वेगबदलाने स्वर चढतो हे खरे, पण लगतच्या दोन स्वरांत सुमारे सहा टक्क्यांचे अंतर असते, त्यापुढे ०.०४२ टक्के कोणत्याही कानाला कळणारे नाही.

मापे पायऱ्यांची असतील तर सबंध आवाज ताणणे चूक आहे. त्याने सरासरी जुळते आणि प्रत्येक ठिकाणी थोडे थोडे बिघडते. येथे उड्यांच्या जागी जाऊन दुरुस्ती करावी, आणि ती आवाजाऐवजी चित्रात करावी असे मी आग्रहाने सांगेन. जेथे तीन फ्रेम्स गळाल्या तेथे आदल्या फ्रेमच्या तीन प्रती घालाव्यात. टेप खराब असल्याने चित्र तेथे आधीच फाटलेले असते, त्यात क्षणभराचे थिजणे कोणाच्या लक्षातही येत नाही. याउलट मंगलाष्टकाच्या मधोमध आवाजाचा अष्टमांश सेकंद कापला, तर ताल चुकल्याचे लहान मुलालाही कळते. काम कष्टाचे आहे, पण बहुतेक उड्या थोड्याच जागी एकवटलेल्या असतात.

आकडा पाहूनच कारण ओळखू येईल असे दोन प्रकार येथे सांगून ठेवतो. फरक तासाला ३.६ सेकंद इतका नेमका येत असेल, तर कॅसेट बहुधा अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली, एनटीएससी पद्धतीची आहे. तिचा फ्रेमदर २९.९७ असतो आणि कोणत्या तरी प्रोग्रॅमने तो ३० धरला आहे. अशी कॅसेट आपल्याकडच्या अनेक व्हीसीआरवर पाल टीव्हीला चालेल अशा मिश्र रूपात बाहेर पडते, पण कॅप्चर करताना तिला पाल समजू नये; एनटीएससी किंवा पाल-६० (हेच ते मिश्र रूप) निवडून २९.९७ नेच घ्यावी आणि डीव्हीडीही एनटीएससीचीच करावी. आपल्याकडे विकले गेलेले बहुतेक डीव्हीडी प्लेयर दोन्ही पद्धती चालवतात. दुसरा प्रकार पूर्वी करून घेतलेल्या व्हीसीडीचा. व्हीसीडीवरील आवाज ४४.१ किलोहर्ट्झचा असतो आणि डीव्हीडीला ४८ लागतो. रूपांतर न करता नुसता आकडा बदलला गेला, तर आवाज जवळजवळ नऊ टक्क्यांनी जलद व बारीक होतो आणि दहा मिनिटांतच पन्नासएक सेकंद पुढे निघून जातो. हे कानाला लगेच कळते आणि नीट रूपांतर केले की पूर्णपणे जाते.

मिनी-डीव्ही किंवा डिजिटल-८ कॅमेऱ्याच्या टेपची गोष्ट निराळी आहे, कारण तेथे फायरवायर केबलने टेपवरचे डिजिटल आकडेच उतरवले जातात, तासाला सुमारे १३ गिगाबाइट. घरगुती कॅमेऱ्यांत आवाजाचे घड्याळ चित्राशी बांधलेले नसे. ४८ किलोहर्ट्झला एका फ्रेमबरोबर १९२० नमुने असायला हवेत, प्रत्यक्षात ते थोडे कमी-जास्त असतात आणि तासाभराच्या एकाच फाइलीत हा फरक साठत जातो. शूटिंग थांबले तेथे नवी फाइल सुरू करण्याची सोय कॅप्चर प्रोग्रॅममध्ये असते. ती वापरली की प्रत्येक तुकडा पुन्हा शून्यापासून सुरू होतो. एकाच टेपवर काही भाग १२ बिटचा, ३२ किलोहर्ट्झवर, आणि काही १६ बिटचा, ४८ वर घेतलेला असेल, तर ही विभागणी सक्तीचीच समजावी.

आता डिस्कचा टप्पा. मूळ फाइल सर्वत्र जुळते आणि डीव्हीडी जुळत नाही, असे आढळले तर कॅसेटकडे वळायचे कारण नाही. कॅप्चर फाइल थेट मेनू तयार करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये टाकण्याऐवजी आधी स्वतंत्रपणे एमपेग-२, म्हणजे डीव्हीडीच्या चित्राच्या स्वरूपात, करून घ्यावी: चित्र नेमके २५ फ्रेम्सचे, आवाज ४८ किलोहर्ट्झचा, आणि चित्राचा कमाल बिटरेट ९.८ मेगाबिटच्या मर्यादेखाली बऱ्यापैकी, म्हणजे आठाच्या आत. शिखरे मर्यादेला भिडली की काही प्लेयर अडखळतात आणि अडखळल्यावर मेळ परत येतोच असे नाही. दीड तासाहून अधिक मजकूर एका साध्या डिस्कवर कोंबू नये; व्हीएचएसच्या कणांना बिट्स फार लागतात.

एमपेग फाइल कापून जोडली असेल तर आणखी एक सापळा आहे. चित्राची फ्रेम ४० मिलिसेकंदांची, डॉल्बी आवाजाचा ठोकळा ३२ मिलिसेकंदांचा आणि एमपेग आवाजाचा २४ मिलिसेकंदांचा असतो. प्रत्येक सांध्यावर दोन्हींच्या कडा थोड्या अपुऱ्या जुळतात. चांगला प्रोग्रॅम ही तूट पुढच्या सांध्यावर भरून काढतो, सुमार प्रोग्रॅम ती साठवत जातो आणि वीस-पंचवीस सांध्यांनंतर ती ऐकू येऊ लागते. चित्र आणि आवाज वेगळे काढताना सुरुवातीचा फरकही हरवतो; डीजीइंडेक्स हा प्रोग्रॅम तो आवाजाच्या फाइलीच्या नावातच मिलिसेकंदांत लिहून ठेवतो, पुन्हा जोडताना तो आकडा द्यायला विसरू नये. शक्य असेल तर कापाकापी एमपेग करण्यापूर्वी, मूळ फाइलीवरच उरकावी.

तयार डिस्क मापाच्या त्याच ठिकाणी पाहावी, आणि निदान दोन वेगळ्या प्लेयरवर. किती फरक सोसावा याचे उत्तर प्रसारणाच्या निकषांत आहे: आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मिलिसेकंद मागे गेला की प्रेक्षकाला जाणवू लागतो. मागे पडलेला आवाज आपण अधिक सोसतो, कारण दुरून येणारा आवाज उशिरा ऐकण्याची कानाला सवयच असते. त्यामुळे दुरुस्तीनंतर कोठे आवाज दोन फ्रेम्सनी मागे राहिला तर तो तसाच सोडावा; पण दोन फ्रेम्सनी पुढे असेल तर सर्व आवाज एक-दीड फ्रेम मागे सरकवून घ्यावा. सरकवण्याचा जो उपाय सुरुवातीला निरुपयोगी ठरला, तो लांबी जुळल्यानंतर येथे मात्र कामाला येतो.